पुनर्स्थापनेचा खर्च आणि जमिनीचा धनी : खाडीकाठ व घाटमाथा यांच्या संदर्भात एक आर्थिक विवेचन

प्रस्तावना

सागरकिनाऱ्यावरील अधिवासांच्या पुनर्स्थापनेचा विचार भोर आणि वेल्हे या तालुक्यांच्या संदर्भात करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याची शक्यता आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, या लेखात अभ्यासग्रंथांत रूढ असलेले जुने नाव वापरले आहे.) हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या माथ्यावर आहेत, किनाऱ्यावर नाहीत. परंतु या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन समुद्र आहेत. वरंधा किंवा मढे घाटाच्या कड्यावरून पश्चिमेस उतरणारे पाणी महाडच्या बाजूस सावित्रीच्या खोऱ्यात जाते व बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. त्याच कड्याच्या पूर्वेस काही पावलांवर पडलेला थेंब मात्र नीरा, वेळवंडी, कानंदी वा गुंजवणीत उतरून नीरेवाटे भीमेस, भीमेवाटे कृष्णेस आणि अखेरीस आंध्र प्रदेशातील कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात पोहोचतो. या दोन्ही प्रवासांच्या शेवटी कांदळवने आहेत. खाडीकाठच्या अधिवासाचे भवितव्य केवळ खाडीकाठी ठरत नाही, ही गोष्ट या भूगोलावरूनच स्पष्ट व्हावी.

अधिवासांच्या पुनर्स्थापनेची आर्थिक चर्चा बहुधा 'लाभ किती?' या प्रश्नाभोवती फिरते. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण पुनर्स्थापनेचे प्रयत्न लाभाचा आकडा लहान असल्यामुळे फसलेले क्वचितच आढळतात. ते फसतात ते जमीन कोणाची, ती गुंतवून ठेवण्याचा भार कोणावर आणि लाभ कोणाकडे, या तीन प्रश्नांची उत्तरे न शोधल्यामुळे. किनाऱ्यावर हा प्रश्न अधिक ठळकपणे दिसतो. म्हणून आधी तेथे जाऊन नंतर घाटमाथ्याकडे वळणे सोयीचे होईल.

रोपाची किंमत आणि जागेची किंमत

किनारी अधिवासांच्या पुनर्स्थापनेच्या खर्चाचा एक व्यापक आढावा बायराक्तारोव्ह व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. प्रवाळ, सागरी गवत, कांदळवने, खारदलदली व कालवांचे थर या पाच अधिवासांवरील २३५ अभ्यासांचा त्यात समावेश होता. पुनर्स्थापनेचा मध्यक खर्च दर हेक्टरी सुमारे ८० हजार डॉलर (२०१० च्या किमतींनुसार) आढळला. कांदळवने त्यांत सर्वांत स्वस्त, म्हणजे सुमारे ९ हजार डॉलर. लावलेल्यांपैकी जगण्याचे प्रमाण कांदळवनांच्या बाबतीत सुमारे ५१ टक्के होते. मात्र बहुसंख्य प्रकल्पांत रोपे जगली की नाही हे पाहण्याचा कालावधी अवघा एक-दोन वर्षांचा होता. ज्या वृक्षाला वन म्हणण्याजोगे रूप येण्यास दशके लागतात, त्याच्या यशापयशाचा निर्णय दुसऱ्या वाढदिवशी करण्यासारखा हा प्रकार आहे.

याहून बोधप्रद उदाहरण फिलिपिन्सचे. प्रिमावेरा व एस्तेबान यांनी २००८ मध्ये तेथील दीर्घकालीन कांदळवन-लागवडीचा आढावा घेतला. मोठा निधी खर्च होऊनही जगण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे १० ते २० टक्केच आढळले. वृक्षजातींची निवड चुकली हे एक कारण. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे, की लागवड भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील अगदी खालच्या, बराच काळ पाण्याखाली राहणाऱ्या भागात झाली. कांदळ जेथे खरोखर वाढते तो मधला व वरचा पट्टा पूर्वीच मत्स्यतळ्यांनी व्यापला होता. खालच्या पट्ट्यावर कोणाचाच मालकी हक्क नव्हता, म्हणून रोपे तेथे लावली गेली. जीवशास्त्राने एक जागा सुचविली आणि मालमत्ता हक्कांनी दुसरी निवडली.

अर्थशास्त्रातील 'वैकल्पिक खर्च' ही संकल्पना येथे उपयोगी पडते. एखादी जमीन एका कामी लावल्यामुळे तिच्या दुसऱ्या सर्वोत्तम उपयोगाचे जे उत्पन्न सोडावे लागते, तो तिचा वैकल्पिक खर्च. लागवडीच्या अंदाजपत्रकात खड्डे, रोपे, मजुरी व कुंपण यांच्या रकमा असतात. सोडलेल्या उत्पन्नाचा रकाना नसतो. तो नसल्यामुळे तो खर्च नाहीसा होत नाही. तो कोणीतरी सोसत असतो, किंवा तो सोसावा लागू नये म्हणून लागवड निरुपयोगी जागेत ढकलली जाते. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर झाली. उद्दिष्टाचे एकक 'रोप' हे असले की हिशेबही रोपांचाच होतो, जागेचा व काळाचा होत नाही.

खारभूमी : शेत की कांदळवन?

महाराष्ट्रातील कांदळवनांचे क्षेत्र भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार १९८७ मध्ये १४० चौरस किलोमीटर, २०१३ मध्ये १८६ आणि २०२१ मध्ये ३२४ चौरस किलोमीटर होते. या वाढीचा काही भाग उपग्रह-प्रतिमांच्या वाढत्या सूक्ष्मतेचा आहे. काही वाढ संरक्षणामुळे झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने कांदळवनांची तोड व त्यांवरील भराव राज्यभर थांबविले, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविला. राज्य शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष व २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान स्थापन केले. संरक्षणाची ही चौकट देशातील अधिक सक्षम चौकटींपैकी एक आहे, हे निःसंशय.

परंतु या वाढीचा आणखी एक स्रोत आहे व त्याकडे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. रायगड जिल्ह्यातील अलिबाग, पेण या परिसरात खाडीला बांध घालून पिकाखाली आणलेली खारभूमी मोठ्या प्रमाणावर आहे. तिची रचना समजून घेतल्यावाचून पुढील प्रश्न कळणार नाही. खाडीच्या बाजूस मातीचा मुख्य बंधारा, म्हणजे बाहेरकाठा, असतो. त्यात ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीच्या वेळी शेतातील पावसाचे पाणी उघाडीवाटे खाडीत जाते. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप मिटते व खारे पाणी आत येत नाही. पावसाळ्याच्या आरंभीच्या सरींनी जमिनीतील क्षार धुऊन निघाले की भात घेता येते. शेताजवळच्या तळ्यांत जिताडा पाळण्याची प्रथाही याच पट्ट्यातील. एका पिकाची, खर्चिक, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही व्यवस्था होय.

या व्यवस्थेचे आर्थिक मर्म बाहेरकाठ्यात आहे. बंधारा ही सामूहिक मालमत्ता आणि शेत ही वैयक्तिक. बंधाऱ्याला एका ठिकाणी खांड गेली तर सर्वांच्याच शेतात खारे पाणी शिरते. म्हणून दुरुस्तीचा लाभ सर्वांना असतो, पण एकट्याने ती करणे कोणालाच परवडत नाही. पूर्वी ही अडचण 'जोळ' नावाच्या सामूहिक श्रमाच्या पद्धतीने सोडविली जात असे. १९४८ चा खारभूमी कायदा व पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम यांनी बंधाऱ्यांची जबाबदारी शासकीय यंत्रणेकडे गेली. यंत्रणा आली व जोळ मागे पडली. निधी मात्र दरवर्षी वेळेवर येईलच असे नाही. बंधारा पावसाळ्यापूर्वी दुरुस्त व्हावा लागतो. निधीच्या वर्षाचे आणि भरतीच्या वर्षाचे पंचांग वेगळे आहे.

खांड दुरुस्त झाली नाही की पहिल्या वर्षी भात बुडते. पुढे दररोजच्या भरतीबरोबर तिवराची बीजे वाहून येतात व काही वर्षांत शेताच्या जागी तिवरांची दाटी उभी राहते. परिस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने ही उत्तम पुनर्स्थापना होय: योग्य पातळीवर, योग्य जातीची, कोणीही न लावलेली आणि म्हणून फिलिपिन्समधील लागवडीहून कितीतरी टिकाऊ. शासनाच्या हिशेबात तिचा खर्च शून्य. आणि सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने? त्याची जमीन त्याच्याच नावावर राहते. परंतु तेथील झाडे तोडता येत नाहीत, कारण संरक्षणाचा आदेश जमिनीच्या मालकीचा भेद करीत नाही. म्हणजे पुनर्स्थापनेचा सर्व वैकल्पिक खर्च एका अल्पभूधारकाच्या घरावर पडला, लाभ मासेमारांना, मागील वस्तीला व सर्व जगाच्या वातावरणाला मिळाला, आणि या देवघेवीची नोंद कोठेच झाली नाही.

येथे दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर आहेत, हे मान्य केल्याखेरीज चर्चा पुढे सरकत नाही. कांदळवन तोडू देणे हा उपाय नव्हे. ते पुन्हा उभे करणे तोडण्याहून अनेक पटींनी महाग आहे. पण ज्याचे भात गेले त्याला 'पर्यावरण वाचले' एवढेच सांगणे हाही न्याय नव्हे. शिवाय त्यात एक आर्थिक धोका दडलेला आहे. तिवर उगवले की जमीन हातची गेली, असा अनुभव एका गावास आला की शेजारच्या गावात तिवराचे पहिले रोप दिसताच उपटले जाईल. भरपाईविना लादलेले संरक्षण अशा रीतीने पुढील संरक्षणाचा पायाच पोखरते. नापीक झालेली जमीन स्वस्तात विकण्याचा मोहही याच अवस्थेत होतो, आणि ती विकत घेणारा भात पिकविण्यासाठी येत नाही.

लाभाचे मोजमाप व त्याची मर्यादा

कांदळवनांचे लाभ मोजण्याचे काम पुष्कळ झाले आहे. कोस्टान्झा व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जगातील परिसंस्थांच्या सेवांचे वार्षिक मूल्य सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढले. तो आकडा फार गाजला आणि त्यावर टीकाही तितकीच झाली. धोरणाच्या दृष्टीने लहान, स्थानिक अभ्यास अधिक उपयुक्त ठरतात. ऑक्टोबर १९९९ मधील ओडिशाच्या महाचक्रीवादळानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास करून सौदामिनी दास व जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की गाव व समुद्र यांच्यामध्ये कांदळवनांचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी. जून २०२० मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यानंतर हा विषय कोकणासाठी केवळ ग्रंथगत राहिलेला नाही.

तरीही लाभाचा आकडा निर्णयास पुरेसा नसतो. पहिले कारण वटाव दराचे. वीस वर्षांनंतर मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य ४ टक्के दराने सुमारे ४६ रुपये, तर १० टक्के दराने केवळ १५ रुपये होते. शासन कमी दराने विचार करू शकते. पण सावकाराकडून वा पतसंस्थेकडून चढ्या व्याजाने कर्ज घेणाऱ्या कुटुंबाचा वटाव दर याहून कितीतरी अधिक असतो. एकाच झाडाची किंमत मंत्रालयात आणि ओसरीवर वेगळी का निघते, याचे उत्तर येथे आहे. दुसरे कारण असे, की लाभ मोजला म्हणजे तो हस्तांतरित झाला असे नव्हे. वनजमीन अन्य कामासाठी वळविताना 'निव्वळ वर्तमान मूल्य' आकारले जाते. २००८ मध्ये ते दर हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये होते व २०२२ मध्ये ९.५७ ते १५.९५ लाख रुपये करण्यात आले. वन नष्ट करण्याची किंमत अशी ठरली आहे. स्वतःच्या जमिनीवर वन वाढू देणाऱ्यास द्यावयाची किंमत मात्र कोणत्याही अधिसूचनेत नाही.

घाटमाथ्यावरील उतार

भोर व वेल्हे तालुक्यांत हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा आहे. येथील डोंगरउतारांचा बराच भाग खाजगी मालकीचा आहे. पूर्वी त्यांवर नाचणी, वरी यांची फिरती शेती होत असे. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याकरिता झाडांच्या फांद्या छाटल्या जात. ही छाटणी झाडे खुरटी ठेवी, पण ती निर्मूळ करीत नसे. मोठी तोड आली ती बाजारपेठ जवळ आल्यावर. पानशेत धरणाच्या कामानिमित्त रस्ते झाले आणि त्यांबरोबर कोळशाचे व्यापारी आले, अशी नोंद माधव गाडगीळ यांच्या लेखनात आहे. धरणाने जमीन गमावलेल्या व रोख पैशाची निकड असलेल्या शेतकऱ्याने आपल्या उतारावरील झाडे नाममात्र किमतीस विकली. खारभूमीच्या शेतकऱ्याचा आणि या शेतकऱ्याचा वटाव दर सारखाच होता, एवढेच म्हणता येईल.

या तोडीतूनही टिकल्या त्या देवराया. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यात पुणे जिल्ह्यातील या मावळपट्ट्याला महत्त्वाचे स्थान आहे. देवराईचे स्पष्टीकरण श्रद्धेने होते, आणि ते योग्यच आहे. आर्थिक परिभाषेत सांगावयाचे तर देवराईने त्या जमिनीचा पर्यायी उपयोगच विचाराबाहेर ठेवला होता. जेथे देवाच्या झाडाला बोली लावता येत नाही, तेथे वैकल्पिक खर्चाचा प्रश्न उद्भवत नाही. रस्ता, वीज व पुण्याची श्रीमंती दाराशी आल्यावर मात्र तो उद्भवतो. आज येथील उताराची स्पर्धा नाचणीशी नसून शेतघर व भूखंड यांच्या किमतीशी आहे. गवत, सरपण वा हिरडा यांच्या उत्पन्नावर अवलंबून राहून कोणी डोंगर राखील ही अपेक्षा त्या किमतीपुढे टिकणे कठीण आहे. उतार राखण्याचा रोख खर्चही दुर्लक्षिण्याजोगा नाही: उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून जाळपट्टा काढावा लागतो, चराई आवरावी लागते, आणि ही राखण दोन-तीन वर्षांची नसून पंधरा-वीस वर्षांची असते.

लाभ येथेही खाली वाहतो, अक्षरशः. पानशेत व वरसगावचे पाणी पुणे शहरास जाते. वेळवंडीवरील भाटघर धरण १९२० च्या दशकात पूर्ण झाले. नीरा डाव्या व उजव्या कालव्यांवर बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस येथील ऊस उभा आहे. उतार उघडे पडले की माती धरणात येते, साठा कमी होतो व झऱ्यांचे उन्हाळी पाणी आटते. येथे एक विलक्षण विरोधाभास दिसतो. जो गाळ धरणास भार आहे, तोच कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशास आधार आहे. कृष्णा खोऱ्यातील धरणांच्या मालिकेमुळे मुखाशी पोहोचणारा गाळ अत्यंत घटला असून तेथील किनाऱ्याची धूप होत असल्याचे अभ्यास आहेत. तेथे कांदळ लावण्याचा कोणताही प्रकल्प या गाळटंचाईशी झुंजत असतो, आणि त्या टंचाईचे एक टोक भोर तालुक्यात आहे. याचा अर्थ उतार झिजू द्यावेत असा मुळीच नाही. धूप झालेली माती धरणाच्या भिंतीपलीकडे जातच नाही. एकाच नदीच्या दोन टोकांचे हिशेब दोन वह्यांत लिहिले जातात, एवढे मात्र त्यावरून दिसते.

मोबदला कोणी द्यावा?

काही प्रयोग झाले आहेत. कांदळवन प्रतिष्ठानामार्फत २०१७ पासून खाडीकाठच्या गावांत खेकडापालन, पिंजऱ्यातील मत्स्यपालन, कालवे व शिंपले संवर्धन, शोभिवंत मासे आणि निसर्ग पर्यटन यांसाठी अर्थसाहाय्य दिले जाते. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत महिला बचत गटाने चालविलेली कांदळवन सफर हे त्यातील परिचित उदाहरण. योजनेचे तत्त्व योग्य आहे: जिवंत झाडातून उत्पन्न. पण खेकडापालन करणारा गट आणि तिवराखाली शेत गेलेला खातेदार ही एकच माणसे असतील असे नाही. भीमाशंकर परिसरात हिरडा व बेहडा यांच्या फळांना 'फेअरवाइल्ड' प्रमाणनाद्वारे अधिक भाव मिळवून देण्याचा प्रयत्न झाला आहे. बेहड्याच्या ज्या जुन्या झाडांवर धनेश घरटी करतात, ती उभी ठेवण्यास त्याने कारण मिळते. हिरडस मावळात, जेथे हिरडा परिचयाचा आहे, हा मार्ग तपासण्यासारखा आहे. मात्र फळाचा भाव भूखंडाच्या भावाशी झुंजू शकणार नाही, हे आधीच ओळखलेले बरे.

अधिक थेट उदाहरण हिमाचल प्रदेशातील पालमपूरचे आहे. तेथील नगर परिषदेने २०१० मध्ये आपल्या पाण्याचा झरा ज्या गावाच्या वनात आहे, त्या बोहल गावाशी करार करून वन राखण्याबद्दल वार्षिक १० हजार रुपये देण्याचे मान्य केले. रक्कम क्षुल्लक आहे. पण वरच्या गावाचे खालच्या शहरावर काही येणे लागते, ही गोष्ट त्या कागदावर लिहिली गेली. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल पर्वतातील पाणलोटाबाबत केलेला करार आकाराने अतिप्रचंड असला तरी तत्त्व तेच: गाळणी-प्रकल्प बांधण्यापेक्षा डोंगरातील जमीनधारकांना साथ देणे स्वस्त पडले.

पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे २०१४ पासून निघत आले असून सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. त्यातील गावांच्या यादीत भोर व वेल्हे तालुक्यांतील गावे आहेत. मसुद्यात काय करू नये याची सूची तपशीलवार आहे. उतार राखणाऱ्यास काय मिळेल याविषयी तो बहुतांशी मौन पाळतो. गावोगावी होणाऱ्या विरोधाचे एक कारण या मौनात शोधता येईल. पुण्याच्या पाणीपट्टीत अथवा नीरा कालव्यांच्या सिंचन-आकारात पाणलोटातील जमीनधारकाचा म्हणून काही वाटा नाही. तो किती असावा, हे ठरविण्यासाठी लागणारी माहिती फार दूरची नाही. गावनिहाय खाजगी उतारांचे क्षेत्र तलाठ्याच्या दप्तरात आहे, जमिनीचे व्यवहार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले आहेत, धरणांतील गाळाची सर्वेक्षणे जलसंपदा विभागाकडे असतात. वाणिज्य, भूगोल व वनस्पतिशास्त्र या तीन विभागांच्या प्राध्यापकांनी एखाद्या वर्षी एकत्र बसून एका खोऱ्यापुरता, उदाहरणार्थ कानंदीच्या खोऱ्यापुरता, हा हिशेब मांडल्यास तो ग्रामसभेपुढे आणि महानगरपालिकेपुढे एकाच वेळी ठेवता येईल.